दानिश पेस्ट्री, खारी आणि आजीचा प्रश्न

मागच्या डिसेंबरात चार दिवस सुट्टी टाकून पुण्याहून नांदेडला घरी गेलो होतो. दुसर्‍याच दिवशी सकाळी आईने लॅपटॉप मिटवला आणि हातात पिशवी दिली. "जा, चहासोबत खारी घेऊन ये. तेवढेच पाय मोकळे होतील."

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक जुनी भट्टीची बेकरी आहे. पुढे काचेचं कपाट, त्यात खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमरोल. मागे काळवंडलेली भिंत आणि भट्टीचं तोंड. शाळेत असल्यापासून मी इथून खारी आणतोय, पण या वेळी काचेवर एक नवा कागद दिसला. स्केचपेनने लिहिलं होतं, 'दानिश पेस्ट्री मिळेल. एगलेस पण.'

खरं सांगतो, मला वाटलं मालकाच्या नातवाचं नाव दानिश असणार! गल्ल्यावरच्या चाचांना तसं विचारलंही. चाचा हसले आणि आत हाक मारली. पिठाने भरलेले हात पुसत एक विशीतला मुलगा बाहेर आला. "भाई, दानिश माझं नाव नाही. ही त्या डेन्मार्कवाली. अब्बांनी पाटी लिहिली, त्यांना जसं ऐकू आलं तसं." हैदराबादला हॉटेल मॅनेजमेंट करून आलेला मुलगा. एका ताटात चौकोनी, मधे जॅम भरलेल्या, कडेने सोनेरी पापुद्रे सुटलेल्या वस्तू होत्या. एक तिथेच उभ्याने खाल्ली. पुण्यात याच वस्तूला एसीत बसून दीडशे रुपये मोजलेत. इथे चाळीस रुपये, आणि चव उजवीच.

मग काय, इंजिनिअर माणूस. चव आवडली की 'हे चालतं कसं' हा किडा वळवळतोच.

पोराने आनंदाने समजावलं. तत्त्व आपल्या घडीच्या पोळीचंच. पोळीत आई तेलाचं बोट फिरवून घडी घालते आणि तव्यावर पदर सुटतात. डॅनिशमधे मैदा, दूध, साखर आणि यीस्ट घालून मळलेली कणीक लाटायची, त्यात थंडगार लोण्याची वडी गुंडाळायची, पुन्हा लाटायची आणि तीन पदरी घडी घालायची. असं तीनदा केलं की ३ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे लोण्याचे २७ थर. भट्टीत गेल्यावर लोण्यातल्या आणि कणकेतल्या पाण्याची वाफ होते. वाफ थरांना उचलते आणि लोणी त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. झालं!

पण त्यात एक ग्यानबाची मेख आहे. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. थर पडायच्या आतच वितळलं, तर ते कणकेत मुरतं आणि पेस्ट्रीऐवजी गोड पाव हातात येतो. नांदेडचा मे महिना म्हणजे ४२-४३ अंश. म्हणून पोरगा म्हणाला, "दानिश फक्त थंडीत. मार्चनंतर बंद." मी विचारलं, मग खारी बाराही महिने कशी होते? तर म्हणाला, "ती वनस्पती तुपाची. ते उन्हात लवकर वितळत नाही. बाकी घडी तीच, यीस्ट तेवढं नाही."

म्हणजे बघा, ज्या खारीला आपण जन्मभर गरिबाचं बिस्किट समजत आलो, ती डॅनिशची सख्खी चुलत बहीण निघाली. यीस्ट, अंडं आणि लोणी घातलं की डॅनिश, आणि ते सगळं काढून घड्या वाढवल्या की आपली खारी.

घरी येऊन शोधाशोध केली तर आणखी गंमत कळली. डेन्मार्कचे लोक याला डॅनिश म्हणतच नाहीत. ते म्हणतात 'विनरब्रोड', म्हणजे व्हिएन्नाचा पाव. १८५० साली तिथल्या बेकरी कामगारांनी संप केला. मालकांनी संप मोडायला बाहेरून कारागीर आणले, त्यात ऑस्ट्रियाचे होते, आणि घड्या घालण्याची रीत त्यांच्यासोबत आली असं मानलं जातं. संप मिटला, पण रीत राहिली. आणि व्हिएन्नातले लोक? ते अशाच पेस्ट्रीला कोपनहेगनचं नाव देतात. दोघेही म्हणतात, 'आमचं नाही, त्यांचं.'

त्याहून मोठी गंमत म्हणजे हे डॅनिश लोक आपल्या देशात सव्वादोनशे वर्षं होते. १६२० पासून तमिळनाडूतलं तरंगमबाडी त्यांच्याकडे होतं, नंतर बंगालमधलं श्रीरामपूरही. १८४५ साली त्यांनी दोन्ही इंग्रजांना विकून टाकलं आणि निघून गेले. त्यांच्या नावाची पेस्ट्री जन्माला आली ती त्यानंतर पाच वर्षांनी. म्हणजे ती गलबतातून थेट आलीच नाही. जगभर फिरून, हैदराबादच्या एका कॉलेजातून नांदेडच्या भट्टीपाशी पोचली.

तर पाककृती अशी असते. ओपन सोर्स. कुणीही उचला, आपल्याकडचं तूप घाला, नाव बदला. तिला कुणी अडवू शकत नाही. अडतं ते दुसरीकडेच.

ते कुठे, तर आजीपाशी.

माझी आजी लातूरला काकांकडे असते. वय ऐंशीच्या पुढे. मूळ गाव औसा तालुक्यात. कुणी काहीही खायला आणलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुणाच्या हातचं हाय?" चव नंतर. आमचं घर लिंगायत. ज्या बसवण्णांनी बाराव्या शतकात कल्याणला जातपात मोडायला सांगितलं, ते कल्याण आमच्या गावापासून फार लांब नाही. पण आठशे वर्षांत घराघरात काय काय परत आत शिरतं ते तुम्ही जाणताच. पाव तर तिच्या यादीत सर्वात खाली. एक, त्यात अंडं असतं. दोन, मैदा पायाने तुडवतात, म्हणून तर त्याला 'पाव' म्हणतात! आणि तीन, करणारे आपले नाहीत.

दुसरा आरोप तुमच्याही घरी कुणीतरी केलाच असेल. खरं तर 'पाव' हा शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून आला. १५१० मधे पोर्तुगीज गोव्यात आले. भातखाऊ मुलुख, तिथे ना गहू मुबलक ना यीस्ट. तेव्हा माडाची सूर घालून कणीक फुगवायची युक्ती निघाली. पाव करणार्‍याला गोव्यात अजून 'पोदेर' म्हणतात, तोही शब्द पोर्तुगीजच.

आणि तिथूनच ती विहिरीची गोष्ट सुरू होते. गोव्यात आणि वसईकडे पिढ्यानपिढ्या सांगतात की रात्री गावच्या विहिरीत पाव टाकायचे, सकाळी न कळता लोक पाणी प्यायचे आणि अख्खा गाव बाटायचा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला पाव टाकणार्‍याचा राग यायचा. आता ती आठवली की वेगळंच खटकतं. पावाच्या तुकड्याने कुणाचा धर्म बदलत नाही. या गोष्टीतली माणसं बाटतात ती शेजारच्या गावाने 'तुम्ही आता आमचे नाहीत' म्हणून दार लावल्यामुळे. पाव नुसता निमित्त.

हे काही फक्त अडाणी खेड्यांचं नाही बरं. पुण्यासारख्या शहरात ऑक्टोबर १८९० मधे पंचहौद मिशनमधे एक व्याख्यान झालं. नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. हजर मंडळींत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. पुढे गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, नावांची यादीच छापून आणली आणि शहरात भडका उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तर रानड्यांनी १८९२ मधे प्रायश्चित्त घेतलं. एवढी मोठी माणसं, आणि कशावरून? तर एक कप चहा! आणि त्याच पुण्यात १९५५ साली सुरू झालेल्या इराणी मालकांच्या कयानी बेकरीपुढे श्रूजबेरी बिस्किटांसाठी सकाळपासून रांगा लागतात. आजीच्या प्रश्नाचं उत्तर पुण्याने ६५ वर्षांत बदललं.

आमच्या मराठवाड्याची गोष्ट थोडी निराळी. आमच्याकडे बेकरीची वाट मुंबईपेक्षा हैदराबादवरून जास्त आली असं मला वाटतं. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाड-हैदराबाद रेल्वे नांदेडवरून धावू लागली आणि नांदेडचं तोंड हैदराबादकडे झालं. लातूरला १९११ मधे आली ती बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी, कुर्डुवाडीकडून. लातूरचं तोंड त्यामुळे सोलापूर-पुण्याकडे. आजही नांदेडच्या मोहल्ल्यांत पावाला 'डबल रोटी' म्हणतात आणि लग्नात 'डबल का मीठा' असतो, म्हणजे तुपात तळलेल्या पावाचं गोड. उस्मानिया बिस्किटाचं नाव शेवटच्या निजामावरून, मीर उस्मान अली खानांवरून पडलं. हैदराबादच्या उस्मानिया दवाखान्यातल्या रुग्णांसाठी ते बनवलं अशी कथा सांगतात. आमच्याही खेड्यांत ब्रेड हे आजारी माणसाचं खाणं. दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना ब्रेडचा पुडा न्यायचा, दुधात बुडवून खायला. धडधाकट माणसाला ज्वारीची भाकरी.

भाकरीचंही एक शास्त्र आहे. गव्हात ग्लुटेन असतं, ते ताणलं जातं आणि यीस्टचा वायू फुग्यासारखा धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. म्हणून भाकरी थापावी लागते, आणि तिचा पाव होत नाही. ज्वारीच्या मुलखात पाव म्हणजे सर्वार्थाने परका पदार्थ!

चाचांचे वडील हैदराबादला बेकरीत काम शिकले आणि नांदेडला येऊन त्यांनी ही भट्टी लावली. कधी, असं विचारलं तर चाचा म्हणाले, "पोलीस अ‍ॅक्शननंतर," आणि गप्प बसले. मीही पुढे विचारलं नाही. रझाकारांच्या आठवणी आमच्या घरात आहेत, पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या त्यांच्या घरात असतील. दोन्ही घरांतले ते कप्पे बंदच असतात.

असो. आजीकडे येतो.

१९७२ च्या दुष्काळात आजी तिशीची होती. रोजगारासाठी खडी फोडायला जायची. रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी आली होती, मिलो. कामावर सुकडी वाटायचे. आजी सांगते, मिलोची भाकरी थापता थापता तुटायची आणि पोरं रडत खायची. मी एकदा चेष्टेत विचारलं, "तेव्हा नाही विचारलीस का, कुणाच्या हातचं?" ती म्हणाली, "पोटात आग लागल्यावर कोण इचारतंय रं."

दुसर्‍यांदा तो प्रश्न गळून पडला ३० सप्टेंबर १९९३ ला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. तीव्रता ६.२. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्याकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, पण कोसळलं की थडगंच. आमच्या घराची मागची भिंत आत पडली. घरातली माणसं पुढच्या सोप्यात झोपली होती म्हणून वाचली. शेजारच्या घरातलं कुणीच नाही वाचलं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, हे सगळं वडिलांकडून ऐकलेलं.

भूकंपानंतर पाऊस लागला. चूल पेटवायला कोरडं लाकूड नाही, पीठ ढिगार्‍याखाली. आजी दोन दिवस लिंबाखाली बसून होती, काही खाल्लं नव्हतं. दुसर्‍या दिवशी संध्याकाळी एक टेम्पो आला, त्यात ब्रेडचे पुडे. वाटणारा माणूस दाढीवाला, डोक्यावर जाळीची टोपी. वडील सांगतात, त्याने पुडा पुढे केला तेव्हा आम्ही सगळे आजीकडे बघत राहिलो. आजीने त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "माय, खाऊन घ्या." आजीने पुडा घेतला, फोडला, पोरांना वाटला आणि शेवटचा तुकडा आपण खाल्ला. काहीच विचारलं नाही.

त्यानंतर घरात बेकरीचा माल यायला लागला. आधी टोस्ट, मग खारी. अंडं नको ही अट कायम होती, पण 'आपले नाहीत' हे कलम त्या संध्याकाळी गेलं ते गेलंच. आजी खारी चहात बुडवून खाते, अगदी रोज.

हे मी चाचांना सांगितलं. म्हटलं, तो टेम्पो तुमचा तर नव्हता? ते म्हणाले, "बेटा, त्या आठवड्यात सगळ्याच भट्ट्या रात्रंदिवस चालू होत्या. कुणाचा पाव कुठे गेला, कोण लिहून ठेवतं?"

आता हे सगळं मी का लिहितोय? तर ज्या सकाळी मी दानिश पेस्ट्री खाल्ली, त्याच सकाळी आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. कुठली बेकरी, कुठलं गाव, काही पत्ता नाही. वर मजकूर, कुणाकडून खायचं घेऊ नका त्याचा. खाली सात-आठ जणांचे हात जोडलेले. त्यात पुण्या-मुंबईत नोकरी करणारी, माझ्यासारखी शिकलेली मुलं. मैदा पायाने तुडवतात ही जुनीच गोष्ट, फक्त आता ती फोर-जीवर येते. २०१९ मधे पुलवामानंतर बंगळुरूत 'कराची बेकरी'ला पाटीवरचा 'कराची' शब्द झाकावा लागला होता. ती बेकरी १९५३ साली हैदराबादेत काढली ती खानचंद रामनानींनी, फाळणीत सिंधमधून आलेल्या एका निर्वासिताने. मागे सुटलेल्या गावाचं तेवढं नाव सोबत आणलेलं, तेही लोकांना चालेना.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. भांडण नको म्हणून. त्याची थोडी लाज वाटते, म्हणूनही हे लिहितोय.

नांदेडकरांना तर हे शिकवायलाच नको खरं म्हणजे. सचखंड गुरुद्वाराच्या लंगरमधे रोज हजारो लोक एका रांगेत बसून जेवतात. पोळी कुणी लाटली, वाढतो कोण, कुणी विचारत नाही. आम्ही शाळेतली पोरं तर सायकली लावून सरळ पंगतीत बसायचो. तिथे जमतं, मग बाहेर आलो की काय होतं?

परत जाताना लातूरमार्गे गेलो. पिशवीत सहा एगलेस दानिश. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लालपरीने साडेतीन तास लावले. पेस्ट्रीचे निम्मे पापुद्रे पिशवीतच झडले.

आजी उन्हात खाटेवर बसली होती. "काय आणलास रं?"

"खाऊ आहे. नांदेडहून आणलाय."

आणि ठरल्याप्रमाणे, "कुणाच्या हातचं हाय?"

मी सांगितलं. बेकरी कुठली, चाचा कोण, नातू काय शिकला, अंडं नाही, सगळं. व्हिडिओचंही सांगितलं. काकूच्या फोनवरही तो आला होताच. आजी ऐकत होती. मग म्हणाली, "इचारायचं ते नाव कळावं म्हणून. कुणी केलंय ते ठाव नको का? चांगलं झालं तर चांगलं म्हणायला."

तिने हा अर्थ आत्ता काढला की ९३ नंतर कधीतरी, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. तिने चहा मागवला, दानिश चहात बुडवली (डेन्मार्कचे लोक बेशुद्ध पडतील!), दोन घास खाल्ले, जॅम बोटाने बाजूला काढला.

"खारीच की ही," ती म्हणाली. "साखर तेवढी जास्त झालीय. सांग त्या पोराला."

पुढच्या खेपेला सांगणार आहे. मार्चच्या आत जायला हवं मात्र.